पिठ्या ढेकणाला मारणारी गांधीलमाशी: एका परोपजीवी कीटकाची ओळख आणि त्याची दोन नावे

पिठ्या ढेकणाने ग्रासलेले कपाशीचे झाड जवळून पाहिले तर शेंड्यावर, पानांच्या देठांवर आणि कोवळ्या बोंडांच्या बुडाशी पांढऱ्या मेणकट पिठाने माखलेले किडे दाटीवाटीने बसलेले दिसतात. त्या दाटीतले काही किडे मात्र निराळे असतात. त्यांच्या अंगावरचे पीठ बरेचसे गेलेले असते, अंग फुगून पिंपासारखे गोल झालेले असते, रंग तांबूस-तपकिरी असतो आणि काडीने टोचले तरी ते हलत नाहीत. अनेकांना हा किडीचाच एखादा टप्पा वाटतो. प्रत्यक्षात ती मेलेल्या पिठ्या ढेकणाची टणक झालेली कातडी असते आणि तिच्या आत एका अगदी लहान गांधीलमाशीची अळी किंवा कोष असतो. कीटकशास्त्रज्ञ अशा कातडीला ममी म्हणतात.

या गांधीलमाशीचे आजचे शास्त्रीय नाव एनासियस ॲरिझोनेन्सिस. पण २००९ पासून पुढची काही वर्षे ती एनासियस बंबावालेई या नावाने ओळखली जात होती, आणि कृषी पुस्तिकांत व शोधनिबंधांत हे जुने नाव आजही भेटते. ही दोन नावे कशी पडली हे पाहिले की एखादी कीटकजाती ओळखणे, तिचे वर्णन करणे आणि तिला नाव देणे म्हणजे नेमके काय, हे बरेचसे समजते.

परोपजीवी म्हणजे काय?

ऊ, गोचीड किंवा जंत हे परजीवी. ते यजमानाच्या जिवावर जगतात, पण सहसा त्याला मारत नाहीत, कारण तो मेला तर त्यांचेही खाणे संपते. आपण पाहत असलेल्या गांधीलमाशीचे तसे नाही. तिची मादी जिवंत पिठ्या ढेकणाच्या शरीरात अंडे घालते. अंड्यातून निघालेली अळी यजमानाला आतून खाते. सुरुवातीला यजमान जिवंत असतो, चालतो, रसही शोषतो. अळी मोठी झाली की तो मरतो, आणि त्याच्याच कातडीत अळीचा कोष होतो. इंग्रजीतून आलेला शब्द वापरायचा तर ही पॅरासिटॉइड. मराठी कृषी साहित्यात अशा कीटकांना ‘परोपजीवी कीटक’ किंवा सरळ ‘मित्रकीटक’ म्हणतात. प्रौढ गांधीलमाशी मात्र मोकळी उडते आणि गोड द्रवांवर जगते. माणसाला ती चावत वा डसत नाही. ‘गांधीलमाशी’ म्हटल्यावर डोळ्यांपुढे येणारी पिवळी, डंख मारणारी माशी येथे विसरायला हवी. ही जेमतेम दीड-दोन मिलिमीटरची असते.

आधी किडीचेच नाव चुकले

परोपजीवी कीटकाची ओळख त्याच्या यजमानापासून सुरू होते, आणि येथे यजमानाच्याच नावाचा घोळ झाला होता. २००५ च्या सुमारास पाकिस्तानातील कपाशीवर एक पिठ्या ढेकूण अचानक वाढला. पुढच्या दोन-तीन हंगामांत गुजरात, पंजाब, हरियाणा, राजस्थान, महाराष्ट्र असा त्याचा फैलाव दिसू लागला. बीटी कपाशी बोंडअळ्यांसाठी बनवलेली असल्यामुळे या रसशोषक किडीपुढे तिचा उपयोग नव्हता. अंगावरच्या मेणामुळे फवारणीचे पाणी किडीवर नीट टिकत नव्हते. शेतकऱ्यांनी फवारण्या वाढवल्या, खर्च वाढला.

तेव्हा ही कीड नेमकी कोणती, यावर मात्र एकमत नव्हते. कोणी तिला फेनाकॉकस सोलानी म्हटले. पाकिस्तानात तिला फेनाकॉकस गॉसिपिफिलस असे नवे नावही देण्यात आले, म्हणजे ही आजवर अज्ञात असलेली जाती आहे असे मानले गेले. २००८ मध्ये क्रिस हॉजसन आणि पाकिस्तानी संशोधकांनी हा गुंता सोडवला. ही कीड म्हणजे टिन्स्ले यांनी १८९८ मध्येच अमेरिकेतील न्यू मेक्सिकोतून वर्णन केलेला फेनाकॉकस सोलेनॉप्सिस होता. सोलेनॉप्सिस हे मुंग्यांच्या एका प्रजातीचे नाव आहे. मूळ नमुने मुंग्यांच्या वारुळात सापडले म्हणून किडीला ते मिळाले. घोळाचे एक कारणही या अभ्यासात पुढे आले. ऋतूप्रमाणे या किडीच्या मादीची शरीररचना इतकी बदलते, की एकाच जातीचे नमुने दोन जातींचे वाटू शकतात.

नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी नऊ राज्यांतील ४७ ठिकाणांहून नमुने गोळा करून तपासले. त्यांचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे ९५ टक्के नमुने सोलेनॉप्सिसचे निघाले, उरलेले जास्वंदीवरच्या गुलाबी पिठ्या ढेकणाचे.

नाव पक्के झाल्याबरोबर एक गोष्ट उघड झाली. कीड अमेरिका खंडातली आहे, तेव्हा तिचे मूळचे शत्रूही तिकडेच असणार. गॉसिपिफिलस ही आपल्याकडचीच एखादी नवी जाती मानली असती, तर त्या दिशेने कोणी पाहिलेच नसते.

ममी वेगवेगळ्या ठेवायच्या

शेतात ममी दिसू लागल्या, तेव्हा आतला कीटक कोणता हे कळायला ती बाहेर पडू द्यावी लागते. पद्धत साधी आहे, पण तिच्यात शिस्त लागते. प्रत्येक ममी अलगद काढून वेगळ्या काचेच्या नळीत ठेवायची, तोंडाला कापसाचा बोळा लावायचा, वर झाडाचे नाव, ठिकाण आणि तारीख लिहायची आणि वाट पाहायची. काही दिवसांत ममीला भोक पाडून माशी बाहेर येते.

पन्नास ममी एकाच बरणीत टाकण्याचा मोह होतो, वेळ वाचतो, पण मग नोंद फुकट जाते. कारण ममीतून दरवेळी मित्रच बाहेर येतो असे नाही. प्रोमस्सिडिया अनफॅसिॲटिव्हेंट्रिस नावाची आणखी एक चिमुकली गांधीलमाशी आहे. ती पिठ्या ढेकणाच्या आत वाढणाऱ्या एनासियसच्या अळीवरच जगते, म्हणजे परोपजीवीची परोपजीवी. भारतात कपाशीवरच्या ममींमधून ती मिळालेली आहे. एकत्र बरणीत दोन्ही माश्या निघाल्या तर दोन्ही किडीच्या शत्रू आहेत असा समज होईल आणि मित्राच्या शत्रूलाच कोणी वाढवून शेतात सोडेल. जैविक कीड नियंत्रणात ओळख चुकण्याची किंमत ही अशी असते.

बाहेर आलेली माशी अल्कोहोलमध्ये ठेवतात. काही नमुने त्रिकोणी कागदाच्या टोकावर चिकटवून कोरडे जपतात, म्हणजे रंग आणि पृष्ठभागावरचे खळगे दिसतात. काही नमुन्यांचे पंख, शृंगिका (मिशा) आणि पोट सुटे करून, क्षारात उकळून पारदर्शक करून, काचपट्टीवर कॅनडा बाल्सममध्ये बसवतात. शृंगिकेच्या खंडांची लांबी-रुंदी मोजायची तर दुसरी वाट नाही.

भिंगाखाली काय दिसते?

ओळख नेहमी मोठ्या गटाकडून लहान गटाकडे जाते. ही माशी कॅल्सिडॉइडिया या अधिकुळातली. पंखांवर शिरांचे जाळे जवळजवळ नसणे, पुढच्या कडेने एकच शीर धावणे आणि तिला एक लहान फाटा असणे, एवढ्यावरून ते कळते.

त्यापुढचे कुळ एन्सर्टिडी. ही ओळखायला भिंग धरणाऱ्याला सवय लागते, पण खुणा ठळक आहेत. छातीची बाजू एका मोठ्या, फुगीर, अखंड तक्त्यासारखी असते. मधल्या पायाच्या नडगीच्या टोकाला एक जाड काटा असतो. या दोन्ही गोष्टी एकाच कामाच्या आहेत: ही माशी मधल्या पायांवर उडी मारते आणि त्या उडीचे स्नायू छातीच्या फुगीर भागात बसवलेले असतात. पोटाच्या अगदी टोकाला असायला हवेत असे दोन केसाळ ठिपके पुढे, पोटाच्या बाजूंवर सरकलेले असतात. पुढच्या पंखाच्या केसाळ पृष्ठभागावर एक तिरका, बिनकेसांचा पट्टा दिसतो. या कुळाच्या चार हजारांहून अधिक जाती वर्णिलेल्या आहेत, आणि त्यांतल्या खूपशा पिठ्या ढेकूण व खवले कीटकांवर जगतात. शेतीच्या दृष्टीने एवढे कामाचे आणि एवढे अपरिचित कुळ दुसरे क्वचितच असेल.

मग प्रजाती: एनासियस. हिची खूण एकदा पाहिली की विसरत नाही. मादीचे कपाळ आणि चेहरा खोल, गोल, दाट खळग्यांनी भरलेला असतो, शिंप्याच्या बोटातल्या अंगुस्तानावर असतात अगदी तसे. वर्णनांतही या खळग्यांना अंगुस्तानाचीच उपमा दिली जाते. शिवाय मादीच्या शृंगिकेचा बुडाकडचा लांब खंड चपटा आणि रुंद झालेला असतो.

खरी कसोटी जातीपाशी लागते. भारतात या प्रजातीतली एनासियस ॲडव्हेना आधीपासून माहीत होती. ती शेपटीसारखे मेणाचे धागे असलेल्या दुसऱ्या एका पिठ्या ढेकणावर, फेरिसिया व्हिरगाटावर, मिळते. कपाशीवरची काळी माशी ॲडव्हेनाच आहे की वेगळी? इथे नुसता रंग पाहून भागत नाही. डोक्याची रुंदी आणि कपाळाची रुंदी यांचे प्रमाण, शृंगिकेच्या प्रत्येक खंडाची लांबी त्याच्या रुंदीच्या किती पट, पंखाची लांबी-रुंदी, खळग्यांची मांडणी, पायांचे कोणते भाग फिके आणि कोणते गडद, अशी मोजमापे एकामागून एक तपासावी लागतात. तीही एका नमुन्यावर नव्हे, कारण लहान यजमानातून लहान माशी निघते. नर आणखी निराळे: आकाराने लहान, शृंगिकांवर लांब केस. पहिल्यांदा पाहणाऱ्याला नर आणि मादी दोन वेगळ्या जातींच्या वाटल्या तर नवल नाही.

नरांविषयी एक गोष्ट इथेच सांगतो, कारण ती नमुने गोळा करणाऱ्याच्याही कामाची आहे. इतर गांधीलमाश्यांप्रमाणे हिच्यातही फलित अंड्यातून मादी आणि अफलित अंड्यातून नर होतो. मोठ्या, भरलेल्या पिठ्या ढेकणातून बहुतांशी माद्या निघतात, लहान अवस्थेतल्यांतून नर. म्हणून फक्त छोट्या ममी गोळा केल्या तर नळ्यांमधून नरच नर मिळतात, आणि एन्सर्टिडी कुळाच्या ओळखीच्या तालिका बहुतेक माद्यांवर बेतलेल्या असतात.

नवी जाती जाहीर होते

२००८ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय एकात्मिक कीड व्यवस्थापन केंद्रातील संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पिठ्या ढेकणावर नवे परोपजीवी मिळाल्याची नोंद छापली. नमुने तपासले अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागातील मोहम्मद हयात यांनी. भारतातल्या एन्सर्टिडी कुळावर २००६ मध्ये जाडजूड ग्रंथ लिहिणारे हे शास्त्रज्ञ. अशा नमुन्यासाठी देशात त्यांच्याहून योग्य माणूस मिळणे अवघड होते. ज्ञात जातींशी ताडून पाहिल्यावर ही माशी वेगळी ठरली आणि २००९ मध्ये त्यांनी एनासियस बंबावालेई ही नवी जाती म्हणून तिचे वर्णन प्रसिद्ध केले. त्या वेळी दिल्लीच्या या केंद्राचे संचालक असलेल्या ओ. एम. बंबावाले यांच्या सन्मानार्थ हे नाव दिले गेले. मराठी आडनावाला लॅटिन षष्ठीचा प्रत्यय लागला की ते असे दिसते.

नवी जाती ‘जाहीर’ होण्यासाठी काय लागते? प्राणिनामकरणाची आंतरराष्ट्रीय नियमावली आहे, आणि तिच्यानुसार वर्णन छापील स्वरूपात किंवा नियमांत बसेल अशा रीतीने प्रसिद्ध व्हावे लागते. एक नमुना नामधारक म्हणून निवडावा लागतो. तो कोणत्या संग्रहात ठेवला आहे हेही सांगावे लागते. पुढे कोणाला शंका आली की कागदावरच्या वर्णनाऐवजी त्या एका नमुन्याकडे जायचे, कारण नाव त्या नमुन्याला बांधलेले असते. वर्णनात सहसा मोजमापे, रेखाचित्रे, जवळच्या जातींपासूनचे फरक, यजमान, ठिकाण, तारीख आणि नावाची व्युत्पत्ती असते. वाचायला हे रुक्ष असते, पण ते पुढच्या माणसाला तपासता यावे म्हणूनच लिहिलेले असते.

नाव बदलते

तपासले गेलेच. पाकिस्तान, चीन, इराण अशा देशांतही हीच माशी याच पिठ्या ढेकणावर सापडत गेली. २०१४ मध्ये माजिद फल्लाहजादे आणि सहकाऱ्यांनी इराणमधल्या एन्सर्टिडींवरील लेखात दाखवले, की बंबावालेई ही वेगळी जाती नसून १९१५ मध्ये वर्णन झालेली अमेरिकेतली एनासियस ॲरिझोनेन्सिसच आहे.

१९१५ चे वर्णन जिरॉल्ट यांचे. अलेक्झांडर आर्सेन जिरॉल्ट हा जन्माने अमेरिकन, पण मुख्यतः ऑस्ट्रेलियात काम केलेला विक्षिप्त कीटकशास्त्रज्ञ. त्याने तीन हजारांहून अधिक जातींची वर्णने लिहिली. त्यांतली बरीच त्रोटक आणि बिनचित्रांची आहेत. नावडत्या सहकाऱ्याची टिंगल करण्यासाठी त्याने एका काल्पनिक कीटकाचे वर्णनही छापले होते. त्याच्या जाती आजच्या नमुन्यांशी जुळवणे हे या क्षेत्रात काम करणाऱ्यांचे जुने दुखणे आहे. वर सांगितलेली मित्राची शत्रू, प्रोमस्सिडिया, हीदेखील त्यानेच नाव दिलेली, हा योगायोग.

नियम सरळ आहे: एकाच जातीला दोन नावे असतील तर जुने नाव चालते. त्यामुळे बंबावालेई हे कनिष्ठ समानार्थी नाव झाले. ते पुसले जात नाही, सूचीत ॲरिझोनेन्सिसच्या खाली कायम राहते. पूर्ण नाव लिहिताना ‘एनासियस ॲरिझोनेन्सिस (जिरॉल्ट, १९१५)’ असे लिहितात. लेखकाचे नाव कंसात असण्याला अर्थ आहे: जिरॉल्टने ही जाती आधी दुसऱ्या प्रजातीत टाकली होती, नंतर ती एनासियसमध्ये आणली गेली. कंस नसता तर मूळ प्रजाती हीच असा अर्थ झाला असता.

हयात यांचे काम यात वाया गेले असे मला वाटत नाही. २००९ च्या सविस्तर वर्णनामुळेच निरनिराळ्या देशांतले लोक आपापल्या नळीत निघालेली माशी हीच आहे हे ओळखू शकले. नाव चुकले ते जुन्या वर्णनाशी जुळणी न झाल्यामुळे, माशी चुकीची पाहिल्यामुळे नव्हे. आणि मराठी आडनाव सूचीत एक पायरी खाली गेले याची रुखरुख कोणाला लागली तरी नियमाला तिचे काही नसते.

नाव बदलल्याने अर्थही बदलला. २००९ साली वाटत होते की एका स्थानिक माशीने परक्या किडीला यजमान म्हणून स्वीकारले असावे. आता दिसते ते असे: कीड अमेरिकेची, माशीही अमेरिकेची. भारतात तिला कोणी अधिकृतपणे आणून सोडलेले नाही. बहुधा किडीबरोबरच, एखाद्या रोपावरच्या ममीत बसून, ती समुद्र ओलांडून आली.

पपईचे प्रकरण याच्या शेजारी ठेवण्यासारखे आहे. २००८ मध्ये कोईमतूरला पपईवरचा पिठ्या ढेकूण पहिल्यांदा सापडला आणि पुढे महाराष्ट्रातल्या पपईच्या बागांपर्यंत पोहोचला. तिथे मात्र शत्रू आपण होऊन आला नाही. ॲसेरोफॅगस पपाये आणि आणखी दोन एन्सर्टिडी माश्या २०१० मध्ये पोर्तो रिकोहून बंगळुरूच्या राष्ट्रीय संस्थेत आणाव्या लागल्या. त्या आणता आल्या, कारण त्यांची वर्णने आणि नावे त्याआधी दहा वर्षांच्या आत प्रसिद्ध झालेली होती आणि कोणती माशी मागायची हे ठाऊक होते.

शेतात ओळखायची तर

शेतकऱ्याला अंगुस्तानाचे खळगे मोजण्याची गरज नाही, ममी ओळखता आली तरी पुष्कळ. जिवंत पिठ्या ढेकूण मऊ आणि पांढरा असतो, दाबला की द्रव निघतो. ममी टणक, फुगीर, तांबूस-तपकिरी असते. तिला टोकाजवळ गोल भोक असेल तर माशी उडून गेली आहे. भोक नसेल तर ती अजून आत आहे. गरम हवेत अंड्यापासून प्रौढापर्यंतचा प्रवास साधारण दोन आठवड्यांत होतो, आणि एका ढेकणातून एकच माशी निघते. कपाशी नसतानाही ही कीड आणि तिच्याबरोबर माशी गाजरगवत, जास्वंद, भेंडी यांच्यावर टिकून राहते, त्यामुळे बांधावरच्या गाजरगवतावरही ममी शोधाव्यात.

ममी दिसत असताना सर्वांवर काम करणारे कीटकनाशक फवारले तर मोकळ्या फिरणाऱ्या माश्या आधी मरतात, कारण त्यांच्या अंगावर मेण नाही. फक्त जास्त लागण झालेले शेंडे तोडायचे असतील, तर ते लगेच जाळू नयेत. त्यांतल्या ममी आधी वेचून बारीक जाळीचे झाकण असलेल्या डब्यात ठेवाव्यात. जाळीच्या छिद्रांतून माशी बाहेर पडू शकते, पिठ्या ढेकणाची पूर्ण वाढलेली मादी नाही. झुडपाच्या बुंध्याशी मुंग्यांची रांग असेल तर तिचाही बंदोबस्त करावा. किडीने सोडलेला गोड चिकटा मुंग्यांना हवा असतो आणि त्यासाठी त्या किडीजवळ येणाऱ्या माश्यांना हुसकावतात.

या माशीविषयी अधिक वाचायचे असेल तर दोन्ही नावांनी शोधावे. २००९ ते २०१४ या काळातले तिच्या जीवनक्रमावरचे भारतीय काम जवळजवळ सगळे बंबावालेई या नावाखालीच आहे.